मोटरला तेल, हाताला वळण



"मिक्सरचे कार्बन गेले वाटतं," हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही असं मराठी घर विरळाच. चटणी वाटता वाटता मिक्सरच्या पोटात निळ्या ठिणग्या दिसायच्या, जळका वास यायचा, की निघाली वारी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे. तो दोन काळे तुकडे बदलून देई आणि मिक्सर पुन्हा गुरगुरू लागे. आयर्लंडला येताना ते दुकान मागे राहिलं. कार्बन मात्र आपल्या पाठोपाठ आले, मुलांच्या रिमोटच्या गाडीत बसून!

खेळण्यांच्या दुकानातली स्वस्त गाडी नव्हे, तर सुटे भाग जोडून बनवायची, छंद म्हणून पळवायची गाडी. टामिया या जपानी कंपनीच्या १९८४ सालच्या 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट' गाड्या पुढे पुन्हा बाजारात आल्या, त्यामुळे बापाने लहानपणी काचेआड पाहिलेली गाडी आज लेक जोडतो आहे. अशा बऱ्याच गाड्यांत '५४०' मापाची मोटर असते: सुमारे ३६ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब पत्र्याचा डबा. आत भिंतीला दोन चुंबकं, मध्ये तांब्याची तार गुंडाळलेलं आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या तीन पट्ट्यांचा कॉम्युटेटर आणि त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेले दोन कार्बन. आर्मेचर फिरताना कॉम्युटेटर विजेची दिशा उलटसुलट करत राहतो, म्हणून ते थांबत नाही. पण यात सगळं घर्षणावर चालतं. घर्षण आलं की झीज आली, काळी पूड आली आणि निगाही आली.

या विद्येचं एक घराणं आपल्या जवळच, मेनूथला आहे बरं का! तिथल्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात फादर निकोलस कॅलन (१७९९-१८६४) शिकवत. १८३६ साली त्यांनी इंडक्शन कॉइल बनवली. बॅटरीवर फिरणारी विजेची इंजिनंही त्यांनी घडवली. त्यांची उपकरणं मेनूथच्या संग्रहालयात जपून ठेवली आहेत.

आता कामाचं बोलू.

नवी मोटर लगेच पळवू नये. गाडीतून काढून दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर, पंधरा-वीस मिनिटं मोकळी फिरू द्यावी. कार्बनचं सपाट तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईला बसतं आणि पुढे ठिणग्या कमी उडतात.

गाडी फिरवून आणली की आधी ब्रशने झाडावी. इथली रिमझिम आणि डॉलीमाउंटची खारी वाळू, दोन्ही मोटरच्या वैरी. दांडा हाताने फिरवून पाहावा. चुंबकांचे हलके टप्पे सारखे लागले तर ठीक. खरखर लागली तर आत घाण आहे. मोटर साफ करायचा फवारा घराबाहेर मारावा आणि ती पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडू नये, कारण कार्बनच्या ठिणगीने फवारा पेटू शकतो. मग दोन्ही टोकांच्या बुशना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. एकच! जास्त झालेलं तेल कॉम्युटेटरवर गेलं की कार्बनच्या पुडीत मिसळून त्याचा चिखल होतो.

मोटर उघडता येणारी असेल तर कार्बन निम्म्यावर आले की बदलावेत, सैल पडलेल्या स्प्रिंगाही बदलाव्यात. कॉम्युटेटरच्या फटीतली पूड लाकडी दातकोरण्याने काढावी. डब्याला डाग दिलेले चिमुकले कपॅसिटर तुटू देऊ नयेत. ठिणग्यांचा खरखराट ते अडवतात.

आणि उष्णता! दोन बॅटऱ्यांच्या मध्ये पंधरा मिनिटं विश्रांती द्यावी. डब्यावर बोट टेकवत नसेल तर दांड्यावरचं छोटं दातेरी चक्र, म्हणजे पिनियन, एक-दोन दात कमी असलेलं बसवावं. फार तापल्यावर चुंबकांचा जोर कमी होतो, तो परत येत नाही.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आता बिनकार्बनच्या ब्रशलेस मोटरी मिळतात, आणि साधी नवी मोटरही काही महाग नाही. खरं आहे. पण आम्हाला मोटरपेक्षा तिच्याभोवती बसलेल्या दोघांची काळजी जास्त. 'बिघडलं, टाका, नवं आणा' हे मुलांना शिकवावं लागत नाही. बिघाड कुठे आहे ते शोधायला मात्र शिकवावं लागतं. शिवाय रविवारच्या मराठीच्या वर्गात तोंड मिटून बसणारं पोर इथे बोलतं, कारण काम अडतं. "अर्धा आटा सैल कर," "चिमटा दे," "जपून, स्प्रिंग उडेल," हे शब्द पाठ करून घ्यावे लागत नाहीत. आटा म्हणजे काय ते बोटांना कळलं की जीभ विसरत नाही.

बंद डब्याच्या मोटरीत कार्बन बदलता येत नाहीत. तिचं आयुष्य संपलं की कचऱ्याच्या पेटीत नको. जुन्या बॅटऱ्यांबरोबर रीसायकलिंग सेंटरवर नेऊन द्यावी. पण त्याआधी पक्कडीने तिच्या पत्र्याचे दुमडलेले कान उघडून पोराला आतलं सगळं दाखवावं. मेलेली मोटर पुष्कळ शिकवते.