माहेर राखणारं गाव

बालमित्रांनो,

भूगोलाचा नकाशा काढा बरं समोर. भारताच्या वरच्या अंगाला उत्तराखंड राज्य आहे. त्यात चमोली नावाचा जिल्हा आहे, तिबेटच्या सीमेला अगदी खेटून. या जिल्ह्यात जोशीमठ सापडतंय का बघा. हल्ली त्याला ज्योतिर्मठ म्हणतात. तिथून एक रस्ता धौलीगंगा नदीच्या काठाकाठाने नीती खिंडीकडे चढत जातो. या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की एक छोटंसं गाव लागतं. त्याचं नाव रैणी.

तुमच्या नकाशात रैणी नसणार. इतक्या लहान गावाला नकाशात कोण जागा देतो? पण 'चिपको आंदोलन' हा शब्द तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचला असेल. झाडाभोवती फेर धरून उभ्या असलेल्या बायकांचं चित्रही पाहिलं असेल. त्या आंदोलनातला सगळ्यात गाजलेला दिवस रैणीचा. परीक्षेत आपण दोन ओळी लिहितो आणि दोन गुण मिळवतो. पण एका दिवसाच्या आधीही गाव असतं आणि नंतरही असतं. आज आपण त्या अख्ख्या गावाची गोष्ट ऐकू या.

रैणी समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास आहे. आपल्या कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर. म्हणजे आपलं सर्वांत उंच शिखर जिथे संपतं, त्याच्याही वर हे गाव! आणि तरीही तिथून मान वर करूनच डोंगर बघावे लागतात. जवळच नंदादेवीचा पर्वत आहे, ७८१६ मीटर उंच. तिकडच्या हिमनद्यांतून ऋषिगंगा निघते आणि रैणीपाशी धौलीगंगेला मिळते.

इथली माणसं भोटिया समाजाची. नुसत्या शेतीवर या डोंगरात पोट भरत नाही. मग ही माणसं करायची काय? तर व्यापार! उन्हाळ्यात बर्फ वितळलं की नीती खोऱ्यातले भोटिया खिंड ओलांडून तिबेटात जायचे. इकडून धान्य, गूळ, कापड न्यायचे आणि तिकडून मीठ, लोकर आणायचे. सामान वाहायला ट्रक नव्हते, बैलगाड्या नव्हत्या. शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना छोट्या पिशव्या बांधायच्या आणि कळपच्या कळप हाकत न्यायचे. घरी बायका लोकर कातायच्या, विणायच्या. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं होतं.

गौरादेवींचा जन्म १९२५ सालचा, रैणीच्या शेजारच्या लाता गावचा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. लग्न होऊन त्या रैणीला आल्या. पण बावीसाव्या वर्षीच त्यांचे यजमान वारले. पदरी अडीच वर्षांचा मुलगा. त्यांनी लोकरीच्या धंद्यावर संसार ओढला, मुलाला वाढवलं.

आणि मग १९६२ साल उजाडलं. भारत आणि चीनचं युद्ध झालं. सीमा बंद झाली आणि तिबेटचा व्यापार कायमचा थांबला. सैन्यासाठी रस्ते, तळ हवे होते, त्यासाठी गावकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यांची भरपाई वर्षानुवर्षं रखडली. व्यापार गेला, काही जमीनही गेली. उरलं काय? जंगल. सरपण तिथलं, गुरांचा चारा तिथला, औषधी मुळ्या तिथल्या, रानभाज्या तिथल्या.

पण नवे रस्ते आले तसे जंगल तोडणारे ठेकेदारही आले. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला भयानक पूर आला. बेलाकुची नावाची वस्ती वाहून गेली. डोंगरातल्या लोकांनी काय ओळखलं, सांगा बघू? जिथे झाडं तुटली, तिथली माती सुटली. मुळं माती धरून ठेवतात, हे त्यांना कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नाही.

त्याच जिल्ह्यात गोपेश्वरला चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांची दशोली ग्राम स्वराज्य संघ ही संस्था काम करत होती. १९७३ मध्ये गावकऱ्यांनी शेतीची अवजारं बनवण्यासाठी अंगूची झाडं मागितली. अंगूचं लाकूड हलकं आणि चिवट असतं. सरकारने नाही म्हटलं आणि तीच झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीला दिली! तेव्हा गावकऱ्यांनी ठरवलं, तोडायला आले तर झाडांना मिठी मारायची. 'चिपको' म्हणजे चिकटा, बिलगा. मंडल गावातून कंपनीच्या माणसांना परत जावं लागलं.

पुढच्याच वर्षी पाळी आली रैणीची. गावाजवळची सुमारे अडीच हजार झाडं लिलावात विकली गेली. गावाला कुणी विचारलं होतं का? नाही!

तारीख होती २६ मार्च १९७४. रखडलेली भरपाई घ्यायला या, असा निरोप आल्यामुळे गावातले पुरुष चमोलीला गेले होते. कार्यकर्त्यांनाही गोपेश्वरमध्ये अडकवून ठेवलं होतं. गावात राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. नेमक्या त्याच दिवशी ठेकेदाराचे मजूर आणि वनखात्याचे लोक आले. गावाला पत्ता लागू नये म्हणून ते रैणीच्या अलीकडेच उतरले आणि नदीकाठाने जंगलाकडे निघाले.

पण एका लहान मुलीने त्यांना पाहिलं. ती धावत सुटली आणि थेट गौरादेवींकडे गेली. तिने जे पाहिलं ते सांगितलं, बस्स. पण ती गप्प बसली असती तर? मुलांनो, मोठ्या घटनांमध्ये मुलांचं काम छोटं असतं असं समजू नका हं.

गौरादेवी तेव्हा गावच्या महिला मंगल दलाच्या प्रमुख होत्या. हातातलं काम टाकून त्या निघाल्या. बघता बघता सत्तावीसजणी जमल्या. त्यांत मुलीही होत्या. जंगलात मजूर स्वयंपाक करत होते. गौरादेवींनी त्यांना 'भावांनो' अशीच हाक मारली. हे जंगल आमचं मायका आहे, हे तोडलंत तर डोंगर आमच्या गावावर कोसळेल, असं त्यांनी समजावलं. जेवण करून घ्या आणि आमच्याबरोबर खाली चला, म्हणाल्या.

मायका म्हणजे माहेर! आता माहेर म्हणजे काय, हे तुम्ही आईला विचारा. जिथे हक्काने जाता येतं, अडीअडचणीला जिथून काहीतरी मिळतंच आणि जिथून रिकाम्या हाताने परत येत नाहीत, ते माहेर. त्या बायकांसाठी जंगल तसं होतं.

सगळ्यांनीच काही ऐकलं नाही. एकाने दारूच्या नशेत बंदूक रोखली. गौरादेवी छाती पुढे करून उभ्या राहिल्या. आधी गोळी घाल आणि मगच जंगल तोड, असं त्यांनी त्याला सुनावलं. शेवटी मजूर खाली उतरले. वाटेत दरड कोसळलेल्या जागी ओलांडायला सिमेंटचा तुकडा टाकलेला होता. बायकांनी तोही पाडून टाकला, म्हणजे कुणी परत वर जायला नको! रात्रभर त्या पहारा देत बसल्या. दुसऱ्या दिवशी पुरुष परतले, तेव्हा जंगल जागच्या जागी होतं.

मग सरकारने दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दोन वर्षांहून अधिक काळ अभ्यास झाला आणि निष्कर्ष काय निघाला? बायकांचं म्हणणं बरोबर होतं! रैणी आणि आसपासच्या सुमारे १२०० चौरस किलोमीटरमध्ये दहा वर्षांसाठी झाडतोडीला बंदी झाली.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे संपते. गावाची नाही संपत.

१९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झालं. १९८८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. आपल्याला वाटेल, वा, छान झालं! पण उद्यान झालं तसं ज्यांनी जंगल राखलं त्यांच्यासाठीच दार बंद झालं. मेंढ्या चारायला बंदी, औषधी मुळ्या गोळा करायला बंदी. गिर्यारोहकांची ओझी वाहून चार पैसे मिळायचे, तेही गेले. चिडलेल्या लोकांनी १९९८ मध्ये लाता गावातून 'झपटो-छीनो' म्हणजे 'झडप घाला, हिसकावून घ्या' असं आंदोलन केलं. माहेरी जायला परवानगी लागायला लागली, तर कुणाला राग येणार नाही? गौरादेवी तेव्हा नव्हत्या. त्या १९९१ मध्ये गेल्या.

पुढे ऋषिगंगेवर रैणीजवळच १३.२ मेगावॅटचं वीजकेंद्र उभं राहिलं. सुरुंगांचे स्फोट होतात, नदीपात्र खोदलं जातं, अशी तक्रार घेऊन गावातला एक रहिवासी २०१९ मध्ये उच्च न्यायालयात गेला होता.

७ फेब्रुवारी २०२१. रविवारची सकाळ होती. रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा सुटला. शास्त्रज्ञांनी मोजलं, सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर! पडता पडता घर्षणाने बर्फाचं पाणी झालं आणि चिखल-दगडांचा लोंढा ऋषिगंगेतून खाली आला. रैणीजवळचं वीजकेंद्र गेलं, पूल गेला, पुढे तपोवनच्या मोठ्या प्रकल्पाचंही अतोनात नुकसान झालं. दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुतेक प्रकल्पांवर काम करणारे मजूर होते.

आता तुम्ही विचाराल, "बाई, मग झाडं वाचवून काय उपयोग झाला?" प्रश्न चांगला आहे. खरं सांगायचं तर एवढ्या उंचावरून सुटलेला कडा झाडं अडवू शकत नाहीत. पण नदीच्या पात्रात, लोंढ्याच्या वाटेवरच एवढी माणसं कामाला का होती? तिथे काय बांधायचं आणि काय नाही, हे ठरवताना त्या नदीला रोज बघणाऱ्या माणसांना कितीसं विचारलं गेलं?

त्याच वर्षी जूनमध्ये पावसाने नदीकाठ खचायला लागला, घरांना भेगा गेल्या. गौरादेवींचा पुतळाही जागेवरून हलवावा लागला. जुलैमध्ये गावकऱ्यांची प्रकल्पांविरुद्धची नवी याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली आणि पाच अर्जदारांना प्रत्येकी दहा हजार रुपये दंडही केला. गाव दुसरीकडे वसवावं, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला. पण जंगल इथे, देव इथे, शेतं इथे. माणसं जाणार कुठे?

मुलांनो, १९७४ मध्ये लिलाव करताना गावाला विचारलं नव्हतं. उद्यान करतानाही तेच झालं. ज्या माणसांनी आधीच धोका ओळखला होता, त्यांचं म्हणणं ऐकायला आपण नेहमी उशीर केला. म्हणून 'चिपको'वर उत्तर लिहाल तेव्हा झाडं वाचवली एवढंच लिहून थांबू नका. आपल्या जंगलाबद्दल आम्हालाही विचारा, असं एका गावाने म्हटलं, हेही लिहा.

आता या आठवड्याचा गृहपाठ. घाबरू नका, वही तपासणार नाही! तुमच्या गावातल्या किंवा वाडीतल्या एखाद्या आजींना गाठा. त्यांना तीन गोष्टी विचारा: पूर्वी सरपण कुठून आणायचात? पाणी कुठून? आणि ती जागा आज कुणाच्या ताब्यात आहे? त्या सांगतील ते जसंच्या तसं लिहून काढा, त्यांच्याच शब्दांत. त्यांना शाळा नसेल झालेली. गौरादेवींनाही नव्हती.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई