जुन्या मोटारींचा डौल

जुन्या मोटारींच्या मेळ्यातून परतलेल्या माणसाला, काय पाहिलेत, असे विचारावे, तर तो बहुधा चकाकीचेच वर्णन करतो. मडगार्डात तोंड पाहावे असा रंग, डोळे दिपविणारे दिवे, नव्या कोऱ्या चामड्याच्या गाद्या! जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात असा मोठा मेळा भरला, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना हा थाट घराजवळच पाहावयास मिळाला. पण या खेळात सर्वांत फसवी जर कोणती गोष्ट असेल, तर ती ही चकाकीच होय. आज तिच्याविषयीच थोडे लिहावयाचे आहे.

या स्पर्धांना फ्रेंच भाषेत 'कोंकूर देलेगांस' म्हणतात. उच्चारताना मराठी जीभ अडखळते खरी, परंतु अर्थ सरळ आहे : डौलाची चढाओढ. पॅरिसमधील धनिक लोक पूर्वी उद्यानातून आपापल्या बग्ग्या मिरवीत. बग्गीची जागा मोटारीने घेतली आणि मिरवणुकीची स्पर्धा झाली. इटलीतील कोमो सरोवराच्या काठी व्हिला देस्ते येथे १९२९ मध्ये पहिली स्पर्धा झाली, ती या परंपरेतील एक मानाची मानली जाते. गंमत अशी, की त्या काळी तेथे येणाऱ्या गाड्या जुन्या नसत. अगदी नव्या असत. कारण मोटार विकत घेणे हा प्रकारच तेव्हा निराळा होता. उंची गाड्यांचा कारखाना पुष्कळदा फक्त सांगाडा, यंत्र आणि चाके देई. वरचा साज चढवावयाचा तो दुसऱ्याच कारागिराने. लाकडी चौकट उभी करावयाची, तिच्यावर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा ठोकून वळवून बसवावयाचा, मग रंग, मग गाद्या. हे कारागीर मूळचे बग्ग्या बांधणारे. आपली कला ग्राहकाला दाखविण्यासाठी त्यांना अशा स्पर्धेइतके चांगले व्यासपीठ दुसरे नव्हते.

इंदूरच्या वाचकांना याचे उदाहरण परके वाटू नये. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून आधुनिक पद्धतीने बांधून घेतला, हे आपण जाणतोच. त्याच दृष्टीने त्यांनी मोटारीही निवडल्या. त्यांच्यासाठी १९३०नंतरच्या दशकात तयार झालेली एक ड्यूझेनबर्ग गाडी जगातील जाणकारांच्या तोंडी आजही आहे. सांगाडा आणि आठ सिलिंडरांचे प्रचंड यंत्र अमेरिकेतील इंडियानापोलिसचे, वरचा देह लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांचा, आणि रंग केशरी व काळा. इतक्या लांबलचक गाडीत बसावयाचे ते दोघांनीच! उपयुक्ततेच्या तराजूत ती टिकणार नाही. पण रेषेचा डौल म्हणजे काय, हे तिच्याकडे पाहून कळते.

जुन्या गाड्यांना या स्पर्धांत मान मिळू लागला, तो पुढे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पेबल बीच येथे १९५० साली मोटारींच्या शर्यतीच्या जोडीने एक छोटी स्पर्धा भरविण्यात आली. पहिली काही वर्षे तेथेही नव्या गाड्याच जिंकत. १९५५ मध्ये मात्र फिल हिल या तरुणाने १९३१ सालची पिअर्स-ॲरो आणली आणि सर्वोच्च बक्षीस नेले. ही गाडी त्याच्या मावशीच्या घरची होती. त्याने ती पुन्हा उभी केली होती. हाच हिल पुढे १९६१ मध्ये वेगाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. एका घरगुती गाडीने एवढ्या मोठ्या स्पर्धेची दिशा वळविली, ही गोष्ट मला त्याच्या जगज्जेतेपदापेक्षा अधिक मोलाची वाटते.

त्यानंतर मात्र एक नवेच वेड शिरले. जुनी गाडी आणावयाची, ती खिळ्याखिळ्यापर्यंत सुटी करावयाची, आणि सारे काही नवे करून जोडावयाचे. मूळ कारागिराने ब्रशाने दिवसेंदिवस थर देऊन जो रंग लावला होता, तो खरवडून त्या जागी आजच्या फवाऱ्याचा काचेसारखा रंग. ज्या कड्यांना निकेलचा मुलामा होता, त्यांना क्रोमियमचा. जी तळाची बाजू साधी काळी होती, तीही पॉलिश केलेली. अशी गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीही इतकी सुंदर नव्हती! आणि येथेच तिचे खोटेपण आहे. म्हणून चांगल्या स्पर्धांतील परीक्षक आता शंभर गुण हातात घेऊन बसतात आणि जे मूळचे नाही त्याचे गुण कापीत जातात. दिवे लागतात का, भोंगा वाजतो का, यंत्र सुरू होते का, हेही पाहतात. पेबल बीचला तर स्पर्धेपूर्वी गाड्यांना रस्त्यावरून लांबचा फेरा घालावा लागतो. गटात दोन गाड्यांचे गुण सारखे झाले, तर जिने तो फेरा पुरा केला, तिचे पारडे जड. मखमलीवर ठेवून आणलेल्या गाडीची तेथे पंचाईत होते.

आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये जे घडले, त्याने तर या विषयाचे पान उलटले. पेबल बीचचे सर्वोच्च बक्षीस १९३४ च्या एका बुगाटीला मिळाले. 'टाईप ५९' जातीची ही शर्यतीची गाडी पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली. त्यांच्या वेळचा काळा रंग आणि पिवळा पट्टा तिच्यावर आजही आहे. पण जागोजाग झिजलेला, तडकलेला, विटलेला. कोणी तिला नव्याने रंगविले नाही. जुन्या स्थितीत जपलेल्या गाडीला तेथे हा मान त्या वेळी प्रथमच मिळाला. सत्तरांहून अधिक वर्षे चकाकीला जे बक्षीस मिळत होते, ते सुरकुत्यांना मिळाले. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने ट्यूरिन येथे जी सनद केली, तिचेही म्हणणे हेच, की आधी जपा, डागडुजी करा, आणि नाइलाज झाला तरच नवे करा. जुन्या देवळांच्या बाबतीत तज्ज्ञ हेच सांगत आले आहेत. आपण मात्र दगडी खांबांना ऑइलपेंट फासून मोकळे होतो. असो.

ही सारी चर्चा संस्थानिकांची आणि कोट्यधीशांची आहे, असे वाटून पान उलटू नका. आपल्यातील कित्येक घरांत आजोबांची फियाट किंवा ॲम्बॅसेडर ताडपत्रीखाली उभी असेल. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने व मूळ स्वरूपात ठेवलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर नेता येत नाही. मात्र प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कामांसाठी नेता येते. 'मूळ स्वरूप' हे शब्द येथेही आले आहेत, याकडे लक्ष असावे. मुलगा हौसेने म्हणतो, "बाबा, सगळे नवे करून टाकू", आणि गॅरेजवालाही आनंदाने होकार देतो. त्या दोघांना क्षणभर थांबवावे.

प्रथम गाडीची छायाचित्रे काढून ठेवावीत. बॉनेटखालची, गाद्यांची, तळाचीसुद्धा. सांगाड्यावरचा आणि यंत्रावरचा क्रमांक उतरवून जुन्या नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. बरीच वर्षे बंद असलेले यंत्र एकदम किल्ली फिरवून सुरू करू नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवसांनी हाताने फिरवून पाहावे, जुने पेट्रोल काढून टाकी धुवावी, आणि मगच पुढचे. गंज वाढत असेल तेवढाच थांबवावा. रंग फिका आहे म्हणून खरवडू नये. जो भाग बदलावाच लागेल, तो काढलेला जुना भाग चिठ्ठी बांधून डब्यात ठेवावा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे, की ही गाडी कोणत्या साली आणि कोणाकडून घेतली, तिच्यातून पहिल्यांदा कोठे गेलात, मागच्या दारावरचा तो पोचा कोणत्या घाटातला. ते उत्तर कागदावर लिहून नोंदणीपुस्तकातच घडी घालून ठेवावे.