माटोळी कोठे टांगावी?

पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन तालुक्यांत अलीकडे एक नवी रीत रूढ होऊ लागली आहे. वडिलोपार्जित घर पाडावयाचे नाही. चिऱ्याच्या भिंती आणि वरची कौले तशीच ठेवावयाची. मात्र आतील सर्व काही उपटून काढून नवे बसवावयाचे. यालाच हल्ली ‘इंटिरियर’ असे म्हणतात. घर जमीनदोस्त केले नाही एवढ्यावरच वाड्यावर त्याचे कौतुक होते आणि करणाऱ्यासही पूर्वजांचे ऋण फेडल्याचे समाधान लाभते. या कौतुकात सामील होण्यास आम्ही तयार नाही. बाहेरचा सांगाडा राखून आतील व्यवस्था मोडणे म्हणजे घर राखणे नव्हे.

आमच्या या बोलण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून प्रारंभीच सांगतो की, आम्ही जुन्याचे भाट नाही. आमच्या पूर्वजांनीही घरे बदलली. आज ज्यांना आपण परंपरेची खूण मानतो ती मंगळुरी कौले १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनचा कारखाना निघाल्यानंतरची. त्यापूर्वीच्या घरांवर नळ्याची कौले असत किंवा गवताचे शाकार असत. तेव्हा बदल करावा की न करावा हा प्रश्नच नाही. काय बदलावे, कोणी ठरवावे आणि कोणास विचारून ठरवावे, हा प्रश्न आहे. दुर्दैवाने हाच प्रश्न कोणी विचारीत नाही.

आमच्या चौसोपी घराची रचना कशी असते ते वाचकांस ठाऊकच आहे. मध्ये राजांगण, त्यात तुळस, सभोवार खांबांची वसरी, एका बाजूस देवकूड, मागल्या अंगास रांधपाची कूड. ही रचना कोणी शोभेकरिता केलेली नाही. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीत चारी बाजूंच्या छपरांचे अर्धे पाणी राजांगणात पडते आणि दगडी मोरीतून बाहेर जाते. त्याच चौकातून दिवसाचा उजेड आतल्या खोल्यांपर्यंत पोहोचतो आणि तापलेली हवा वर निघून जाते. कौलांच्या फटींतूनही घर श्वास घेते. चिऱ्याच्या भिंतीत मुरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते.

आता नवा आराखडा पाहा. राजांगणावर काचेचे वा प्लास्टिकचे छप्पर येते आणि तेथे सोफा मांडला जातो. तुळस अंगणाच्या कोपऱ्यात कुंडीत जाते. भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढतो आणि आतली ओल आतच कोंडली जाते. दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटू लागले म्हणजे दोष जुन्या भिंतीला दिला जातो. वाशांखाली फॉल्स सीलिंग येते. त्यामुळे उष्ण हवा अडते, आणि वाशांना वाळवी लागली तर ती तुळई खचेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. भर दुपारी दिवे लावावे लागतात, वातानुकूलनाचे यंत्र घ्यावे लागते. आणि एवढा खर्च झाल्यावर, ‘जुनी घरे राहण्यास सोयीची नसतात’ असा निष्कर्ष काढला जातो! आधी घराचे नाक दाबावयाचे आणि मग त्याला दम लागतो म्हणून तक्रार करावयाची, हा कोठला न्याय?

पण ही झाली पैशाची आणि हवापाण्याची गोष्ट. आमचा मुख्य आक्षेप याहून गंभीर आहे. गोव्यातील हिंदू कुटुंबाची चवथ ही व्हडल्या घरात होते. मुंबईस, पुण्यास, बेळगावास वा परदेशी गेलेली भावंडे वर्षातून एकदा जेथे एकत्र येतात ते ठिकाण म्हणजे गणपतीची जागा. तिच्यावर माटोळी टांगली जाते. नारळांची पेंड, सुपारीचे कातरे, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, कांगलां अशी रानची आणि परसातली समृद्धी लाकडी चौकटीला बांधावयाची, तर तो भार पेलण्यासाठी तुळयांना बसविलेल्या कड्या लागतात. फॉल्स सीलिंगचा पातळ पत्रा एक नारळसुद्धा पेलू शकत नाही. सरकारचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा भरविते, वर्तमानपत्रे त्यांची छायाचित्रे छापतात. आणि इकडे आमच्याच घरांतून माटोळीच्या कड्या कापून भंगारात जात आहेत. मग चवथीच्या दिवशी दाराच्या चौकटीला चार फळे बांधावयाची आणि म्हणावयाचे, ‘भाव महत्त्वाचा!’ भाव महत्त्वाचा खराच; परंतु पंधरा पाने एका पंक्तीला बसविणारी वसरी उरली नाही, तर त्या भावाने बसावयाचे कोठे?

काही आराखडेकार आणखी एक नवल करतात. घराला ‘गोव्याचे रूप’ द्यावयाचे म्हणून ते निळ्या नक्षीच्या पोर्तुगीज फरश्या आणि शिंपल्यांच्या खिडक्या आणून बसवितात. पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती आला तो १७८८ साली, डिचोली त्याच्या काही वर्षे आधी. येथील चौकाच्या घराची घडण त्या सत्तेच्या शाळेत झालेली नाही. साष्टीतील ख्रिस्ती बांधवांची घरे सुंदर आहेत आणि त्यांना त्यांचा इतिहास आहे. परंतु त्यांचा पोशाख आमच्या घरावर चढविल्याने ना त्यांचा मान राहतो ना आमचा. २०२३ च्या जानेवारीपासून मोपा येथील विमानतळावरून विमाने उडू लागली, आणि पेडण्यातील जुन्या घरात पाहुणे ठेवून उत्पन्न मिळविण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येऊ लागला. उत्पन्न मिळविण्यात पाप नाही. परंतु पाहुण्याला दाखविण्यासाठी घराने सोंग घ्यावे, यात लाज वाटण्यासारखे जरूर आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. आमच्या भगिनी विचारतील, ‘तुमच्या या चौसोपी व्यवस्थेत आमची जागा कोठे होती?’ हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला आम्ही बगल देणार नाही. धुराने काळवंडलेली रांधपाची कूड, उजेड नसलेली बाळंतिणीची खोली, विटाळशीने तीन दिवस काढावयाचा मागचा कोपरा, विधवेच्या वाट्याला आलेला अंधार, हे सारे त्याच घरात होते. त्या भिंती पाडावयाच्या असतील तर पहिली कुदळ मारावयास आम्ही येऊ. स्वयंपाकघर मोठे व्हावे, त्यास धुराची वाट आणि ओटा असावा, वृद्धांसाठी शौचालय झोपण्याच्या खोलीला लागून असावे, उंबऱ्याशी कठडा असावा. पण पाहावयास गेले तर काय दिसते? पैशाचा पहिला घास बाहेरच्या बैठकीच्या खोलीला मिळतो आणि रांधपाची कूड अखेरपर्यंत तशीच राहते. हा कायापालट भगिनींच्या सोयीसाठी नसून भेटीस येणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी असतो.

दुसरा युक्तिवाद असा की, ‘खर्च करतो तो ठरवितो.’ येथे आम्हांस वकील या नात्याने चार शब्द बोलणे भाग आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आला असून तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. दोहोंतही मुलगा आणि मुलगी समान वारस आहेत. म्हणजे पेडण्याच्या घरात राहणारा भाऊ जितका मालक, तितकीच लग्न होऊन म्हापशास गेलेली बहीणही मालक. वाटणी न झालेल्या घरातील राजांगण एका भावाने झाकावे आणि देवकूड हलवावी, हा त्याच्या खिशाचा प्रश्न नाही. तो सर्वांच्या मालमत्तेचा प्रश्न आहे. आराखडा काढण्यापूर्वी बहिणीस पत्र गेले काय? बहुतेक ठिकाणी ती चवथीस येते तेव्हाच तिला कळते.

याच कायद्याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. सामायिकीत राहण्याची सक्ती कोणत्याही वारसावर करता येत नाही. एकाने इन्व्हेंटरीचे प्रकरण दाखल केले आणि घराचे तुकडे होण्यासारखे नसले, तर वारसांमध्येच बोली लागते आणि ज्याची थैली मोठी त्याचे घर होते. तरीही शेकडो घरे पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहिली आहेत, ती कायद्याने नव्हे. ‘हे सर्वांचे आहे’ असे ज्या जागेत उभे राहून म्हणता येते, ती एक जागा घरात होती म्हणून ती राहिली. ती जागा एकाने आपल्या आवडीची बैठक करून टाकली की, दुसऱ्याला आपला हिस्सा पैशात मोजून घ्यावासा वाटू लागतो. आमच्या व्यवसायात आम्ही भांडणाचे मूळ पुष्कळदा अशाच बारीकसारीक फेरफारात पाहिले आहे.

देवळाच्या बाबतीत आपण असे चालू देतो काय? मंदिरात मोठे काम काढावयाचे तर समितीस महाजनांच्या सभेपुढे यावे लागते. तेथे वाद होतात, ठराव होतात, आणि एखाद्या धनिकाने देणगी दिली म्हणून त्याच्या मर्जीने गर्भकुडी हलविली जात नाही. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १६६८ साली शिवाजी महाराजांनी ज्याचा जीर्णोद्धार करविला, ते हे मंदिर अलीकडच्या डागडुजीनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. त्याचे उतरते कौलारू रूप आणि बुटका घुमट राखूनच ते काम झाले. देवाचे घर जपण्याची ही रीत आपणांस मान्य आहे, तर मग देव ज्या घरात चवथीस पाहुणा म्हणून येतो त्या घरास वेगळा न्याय का?

म्हणून आमची सूचना सरळ आहे. ज्या कुटुंबास घराच्या आत बदल करावयाचा असेल त्याने चवथीस, सर्व वारस जमले असता, आराखडा वसरीवर मांडावा. बहिणींना आधी बोलू द्यावे. काम रांधपाच्या कुडीपासून आणि न्हाणीघरापासून सुरू करावे. विजेच्या तारा, नळ, वाळवी लागलेले वासे यांवर पैसा आधी खर्चावा. राजांगण उघडे ठेवावे. देवकूड हलवावयाची असल्यास एकाचीही हरकत असता हलवू नये. भिंतीस चुना लावणारा गवंडी शोधावा. तो मिळणे कठीण झाले आहे, पण काम मिळत गेले तरच तो टिकेल. आणि जे ठरेल ते लेखी करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. एवढ्या गोष्टी करण्यास फार मोठा खर्च लागत नाही. आपल्या आवडीला थोडा लगाम घालण्याची तयारी मात्र लागते. ती ज्याची नसेल त्याने खुशाल स्वतःच्या पैशाने स्वतंत्र घर बांधावे आणि हवे तसे सजवावे; आम्ही त्याच्या गृहप्रवेशास आनंदाने जाऊ. परंतु सर्वांच्या घरात एकट्याची हौस भागविणाऱ्यास, माटोळी कोठे टांगावी, या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागेल.