चौकटीच्या लाकडाची गिटार



सातवीत असताना मला शाळेच्या समूहगानातून बाहेर काढलं होतं. आधी सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." मग तेही नको म्हणून सरळ खाली बसवलं. कारण एकच, बेसूर! हा शिक्का तुमच्यापैकीही कुणाकुणावर बसला असेल. आजचा उद्योग खास त्यांच्यासाठी. (बाकीच्यांनी केला तरी चालेल हं!)

आज आपण करणार आहोत मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. तिला लॅप स्टील म्हणतात, आपल्याकडे हवाईयन गिटार. नेहमीच्या गिटारवर बोटांनी तारा दाबतात. तिथे धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यामुळे बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर सांभाळला जातो. इथे पट्ट्याच नाहीत! गुळगुळीत पोलादी कांडी तारांवर टेकवून सरकवायची आणि सूर आपला आपण शोधायचा.

ही युक्ती जगभर पोहोचवण्याचं श्रेय बहुतेक जण हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूला देतात. त्याचा जन्म १८७४चा. शाळेत शिकत असतानाच त्याने तारांवर धातूचा तुकडा सरकवून पाहिला आणि शाळेच्या कार्यशाळेत स्वतःसाठी पोलादी कांडी तयार केली, असं सांगतात. आपल्याकडच्या विचित्रवीणेवरही काचेचा गोळा असाच सरकवतात. म्हणून की काय, ही परदेशी गिटार आपल्या रागसंगीतात छान रुळली. ब्रिजभूषण काबरा यांनी ती १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेत वाजवली. विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात बदल करून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवलं.

चला, आता बाह्या सरसावा!

साहित्य : सागवानाचा सरळ, वाळलेला तुकडा (८० सेंमी लांब, ९ सेंमी रुंद, ४ सेंमी जाड), गिटारच्या सहा खुंट्या, गिटारच्या तारांचा एक संच, ॲल्युमिनियमच्या अँगलपट्टीचे ९ सेंमीचे दोन तुकडे, स्क्रू, सहा छोटे वायसर, पॉलिशपेपर, पट्टी आणि पेन्सिल. कांडी म्हणून साधारण २ सेंमी जाडीचा, बोटभर लांबीचा गुळगुळीत पोलादी तुकडा.

लाकडाच्या बाबतीत माझी फजिती ऐका. मी पहिली गिटार पॅकिंगच्या खोक्याच्या फळीची केली होती. पहिली तार लावली, दुसरी लावली, सहावी ताणतो तोवर पहिली ढिली! पुन्हा पहिली ताणली, तर बाकीच्या उतरल्या. शेवटी पाहतो तर फळी धनुष्यासारखी वाकलेली. सहा तारा मिळून लाकडाला तीस किलोहून अधिक जोराने ओढतात, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वजनाइतक्या! आमच्या गल्लीतले सुतारकाका हसले आणि त्यांनी जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा काढून दिला. "पन्नास पावसाळे बघितलेत त्यानं. तो नाही वाकायचा," म्हणाले. खरंच नाही वाकला.

कृती : तुकड्याच्या एका टोकाला १५ सेंमीपर्यंत लाकूड वरून खाली उतरवून दीड सेंटिमीटर जाडीचं करायचं. तिथे खुंट्या बसतात. दुसऱ्या टोकापासून ३ सेंमी आत एका ओळीत सहा भोकं पाडायची. तारा त्यांतून खालून वर ओवायच्या. तारेच्या टोकाचा मणी लाकडात रुतू नये म्हणून खाली वायसर घाला. हे कापायचं आणि भोकं पाडायचं काम सुतारकाकांकडून किंवा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच करून घ्या. घासायचं काम मात्र तुमचं!

आता अँगलपट्ट्या. एक खुंट्यांपाशी बसवायची, दुसरी भोकांपाशी. दुसरी म्हणजे आपली घोडी. तारा लाकडापासून सुमारे १ सेंमी उंच राहिल्या पाहिजेत. आणि दोन पट्ट्यांच्या कडांमधलं अंतर बरोबर ६० सेंमी हवं.

साठच का? कारण ६० ला २, ३, ४, ५ या सगळ्यांनी भाग जातो, आणि सूर म्हणजे तारेचे भागच! तार निम्मी केली की वरचा सा. तिचा एक तृतीयांश सोडला की प, एक चतुर्थांश सोडला की म, एक पंचमांश सोडला की ग. म्हणून खुंट्यांकडच्या पट्टीपासून मोजून लाकडावर पेन्सिलीने खुणा करा : रे ६.७ सेंमी, ग १२, म १५, प २०, ध २४, नी २८, वरचा सा ३०. झाली तुमची सरगम!

आता तारा लावू या. जाड तार आपल्या पोटाकडे, बारीक तार पलीकडे. गिटारवाले बारीक तारेला पहिली आणि जाड तारेला सहावी म्हणतात. सहावीपासून सुरू करून सूर असे : सा प सा ग प सा. नेहमीच्या गिटारपेक्षा यात एकही तार वर चढवावी लागत नाही. चार उतरवायच्या, दोन तशाच. त्यामुळे तार तुटण्याचं भय कमी. तरीही ताणताना चेहरा लांब ठेवा, बरं का!

आधी चौथी तार पेटीवरच्या मंद्र सप्तकातल्या पांढरी दोनशी मिळवा. पेटी नसेल तर मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये 'डी' येऊ द्या. पुढचं काम कानाचं. कांडी आपल्या बाजूने धरून चौथ्या तारेवर १२च्या खुणेवर टेकवा. जो सूर येईल, त्याला मोकळी तिसरी तार मिळवा. २०च्या खुणेवरच्या सुराला दुसरी आणि ३०च्या सुराला पहिली. मग पाचव्या तारेवर कांडी १५वर ठेवा आणि तिची खुंटी अशी फिरवा की ती मोकळ्या चौथीसारखी वाजेल. सहावीचंही तसंच, फक्त कांडी ३०वर.

"पण मिळाली हे कळणार कसं? मी तर बेसूर!" हेच मी आजीला विचारलं होतं. आजी रोज पेटीवर भजनं म्हणायची. तिने पेटीचा सूर धरून ठेवला आणि मला तार छेडायला लावली. म्हणाली, "नीट ऐक. वूंऽ वूंऽ वूंऽ असं हलतंय ना? ते दोन सूर भांडतायत. खुंटी हळूहळू फिरव." मी फिरवत गेलो. वूंऽ वूंऽ सावकाश झालं, आणखी सावकाश झालं आणि एकदम थांबलं. अंगावर काटा आला! मला ऐकू आलं होतं. मला, बेसुराला!

यामागचं शास्त्र अगदी सोपं आहे. एक तार सेकंदाला १४७ वेळा कंप पावत असेल आणि दुसरी १४५ वेळा, तर आवाज सेकंदाला दोनदा मोठा-लहान होतो. फरक कमी झाला की हेलकावे मंदावतात. फरक संपला की हेलकावेही संपले. हे ऐकायला गाता गळा लागत नाही, लागतो तो धीर.

वाजवताना कांडी दाबू नका, नुसती टेकवा. दाबली की तार ताणली जाते आणि सूर चढतो. खुणेकडे तिरकं न बघता बरोबर वरून बघा. कांडीच्या मागे डाव्या हाताची बोटं तारांवर हलकेच ठेवा, म्हणजे नको ती गुणगुण थांबेल. आणि आवाज बारीक वाटला तर गिटार लाकडी टेबलावर ठेवून वाजवा. सगळं टेबल कंप पावतं, जास्त हवा हलवतं आणि आवाज मोठा होतो.

पालकांसाठी एकच विनंती. पहिला आठवडाभर घरात मांजरं भांडल्यासारखे आवाज येतील. तेवढे दिवस 'बेसूर' हा शब्द कृपा करून कपाटात ठेवा. मूल चुकत नसतं, शोधत असतं.

मी आजही बरा गात नाही. पण गल्लीतल्या गणपतीत भजन असलं की तंबोरा लावायला मलाच हाक मारतात. दोन तारांमधलं भांडण मिटेपर्यंत मी ऐकत बसतो.

तुमच्या गिटारवर पहिलं गाणं कोणतं वाजलं, ते नक्की कळवा. आणि हो, चौकट जुन्या दाराची घ्या; वापरातलं दार उचकटू नका!