एकाच विषाचे दोन तराजू

अमली पदार्थांचे व्यसन हा अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू होय, असे अध्यक्ष निक्सन यांनी जून १९७१ मध्ये जाहीर केले, त्यास आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. एवढ्या अवधीत शत्रू नामोहरम व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षी त्या देशात दरसाल एक लाखाहून अधिक माणसे अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने मृत्युमुखी पडली. पुढे हा आकडा उतरला, ही समाधानाची गोष्ट खरी. तथापि तुरुंग भरूनही स्मशाने का भरली, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

आमच्या मते त्याचे उत्तर तेथील कायद्याच्या इतिहासातच आहे. त्या कायद्याने विषाकडे पाहण्यापूर्वी ते घेणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. सॅन फ्रान्सिस्को नगराने १८७५ साली अफूच्या अड्ड्यांवर बंदी घातली, तीत चिनी मजुरांवरील रोषाचा वाटा मोठा होता; त्याच काळी अफूमिश्रित औषधे गोऱ्या कुटुंबांना दुकानांत राजरोस मिळत होती. १९८६ च्या कायद्याने तर कमाल केली. ५०० ग्रॅम कोकेनची भुकटी विकणाऱ्यास जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच त्याच कोकेनपासून केलेले ‘क्रॅक’ अवघे ५ ग्रॅम विकणाऱ्यास! भुकटी सुखवस्तूंच्या मेजवान्यांतली, क्रॅक गरिबांच्या वस्त्यांतले. आणि क्रॅकपायी शिक्षा भोगणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. २०१० साली शंभरास एक हे प्रमाण अठरास एक झाले. अन्याय सौम्य झाला, संपला नाही.

आता दुसरे पारडे पाहा. ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी १९९६ साली बाजारात आली. तिचे व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचा भ्रामक प्रचार झाला. त्या प्रकरणी परड्यू कंपनीची संलग्न संस्था आणि तिघे वरिष्ठ अधिकारी यांनी २००७ साली न्यायालयात दोष कबूल केला. दंड झाला, तुरुंगाची पायरी मात्र त्या तिघांपैकी कोणासही चढावी लागली नाही. २०२० साली कंपनीवर पुन्हा गुन्हा कबूल करण्याची पाळी आली.

मग शिक्षाच काढून टाकावी काय? ऑरेगॉन राज्याच्या मतदारांनी २०२० साली तसा कौल दिला. स्वतःपुरते अल्प प्रमाणात द्रव्य बाळगणाऱ्यास तुरुंगाऐवजी १०० डॉलर दंड, आणि मदतकेंद्रास दूरध्वनी करून प्रकृतीची चौकशी करून घेतल्यास तोही माफ, अशी ती योजना. पण दूरध्वनी करणारे थोडे निघाले, उपचारांची व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही, आणि लोकक्षोभापुढे २०२४ साली विधिमंडळास ते पाऊल मागे घ्यावे लागले. बेडी काढली, पण आधाराचा हात पुढे झाला नाही. प्रयोग फसला तो येथे.

व्यसनाधीन मनुष्य हा प्रथम रोगी आहे, आणि त्याच्या रोगावर जो गबर होतो तो गुन्हेगार आहे. मग तो गल्लीच्या कोपऱ्यावर उभा असो की संचालक मंडळाच्या खुर्चीवर बसलेला असो. हा साधा विवेक कायद्यात उतरल्यावाचून युद्धाच्या कितीही घोषणा केल्या तरी त्या व्यर्थ होत. ज्या कायद्याची जरब केवळ दुबळ्यालाच वाटते, त्यास लोक भितील. मान देणार नाहीत.