खातो, पितो, लावतो

उत्तर बंगालमधल्या माझ्या पहिल्या पोस्टिंगवर एका बंगाली जवानाने विचारलं, "सिगारेट खाओगे?" मला हसू आवरेना. पुढे कळलं, त्यांच्या भाषेत भात, पाणी, चहा, दारू, सिगारेट सगळंच खातात. मुकासुद्धा खातात! बिहारची पोरं बिडी पितात. सरदार मंडळी लंगर छकतात. आपली मराठी त्या मानाने काटेकोर. पाणी प्यायचं, औषध घ्यायचं, विडी ओढायची. दारू चारचौघांत 'घेतो', बायको भांडली की 'ढोसतो'.

या काटेकोरपणाचा मला अभिमान होता. आता तो घातक वाटतो.

आमच्या कंपनीत सातारकडचा एक गडी होता. मेडिकलला डॉक्टरसाहेब विचारायचे, "पीते हो?" हा छातीठोकपणे म्हणायचा, "नहीं साब." खोटं बोलत नव्हता. दारूला शिवत नव्हता, विडीलाही नाही. तो मावा खायचा. आणि खाण्याला व्यसन कोण म्हणतं? गावी त्याचं लग्न ठरलं तेही 'मुलगा निर्व्यसनी' म्हणूनच.

रात्रीच्या संत्री ड्यूटीला विडी पेटवता येत नाही, ठिणगी लांबून दिसते. मळलेल्या तंबाखूला ना उजेड, ना धूर, वर झोप उडते. म्हणून फौजेत ती भरपूर चालते. मीही सहा वर्षं बार भरलाय, उगाच साधूचा आव आणत नाही.

खरं तर तंबाखू कोणी खात नाही. गिळली तर ओकारी येईल. चुन्याबरोबर मळून ती गालात धरायची. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून भराभर रक्तात उतरतं. पोटाचा तिथे संबंधच नाही. माव्यात वर सुपारी. ती तोंड आतून आवळत नेते. या गड्याला आधी आमटीचं तिखट झोंबायला लागलं. मग एक दिवस दातांच्या डॉक्टरांनी तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाची साधारण जातात. याची जेमतेम दीड गेली.

महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली, चांगलंच झालं. पण माझं म्हणणं, आधी प्रश्न नीट विचारा. 'व्यसन आहे का?' विचारलं की उत्तर 'नाही'च येणार. ओढतोस का, मळतोस का, चघळतोस का, गालात धरतोस का, एकेक क्रियापद घेऊन विचारा. आता माझ्या सेक्शनमध्ये नव्या पोराला मी असंच विचारतो. दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला खिशातली पुडी बाहेर येते.

मागच्या सुट्टीत घरीही विचारलं, "आई, तू तंबाखू खातेस ना?" आई भडकलीच. "मी कशाला खाऊ? तुझ्या बापाचं नाव घे." तिच्या उजव्या हाताचं बोट काळं होतं.

"मग हे काय?"

"ही होय? मिश्री. ती नुसती लावते रे."