विश्लेषण : शिवनेरीसोबत जागतिक वारसा यादीत गेलेल्या खांदेरीच्या दीपगृहाचे काय होणार?

जुन्नरचा शिवनेरी आणि अलिबागजवळच्या समुद्रातील खांदेरी हे दोन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये एकाच नोंदीखाली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. खांदेरीच्या तटबंदीच्या आत ब्रिटिशांनी १८६७ मध्ये उभारलेले दीपगृहही आहे. किल्ला मराठ्यांचा, दिवा ब्रिटिशांचा आणि सांभाळणाऱ्या यंत्रणा वेगवेगळ्या, अशी ही गुंतागुंत आहे. तिचा जुन्नर-आंबेगावशी काय संबंध?

शिवनेरी आणि खांदेरी एकाच नोंदीत कसे?

‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांची एकत्रित नोंद ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत मंजूर झाली. त्यातील ११ किल्ले महाराष्ट्रात, तर जिंजी तमिळनाडूत आहे. पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे गिरिदुर्ग यादीत आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्रातील किल्ले. डोंगर, जंगल, किनारा आणि बेट अशा प्रत्येक भूभागाचा संरक्षणासाठी केलेला वापर हे या नोंदीचे सूत्र आहे. त्यामुळे किल्ले १२ असले तरी वारसास्थळ एकच मानले जाते.

घाटमाथ्याचा समुद्राशी संबंध किती जुना?

किमान दोन हजार वर्षांचा. सातवाहन काळात जुन्नरच्या बाजारातला माल नाणेघाटातून उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जाई. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही घाटात आहे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन, म्हणजे परदेशी दात्यांची नावे आढळतात. आंबेगाव तालुक्यातील आहुपे घाटही असाच कोकणात उतरतो. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर जहाजांना वाट दाखवण्याचे काम माणसेच करत. भडोचच्या खाडीत शिरणाऱ्या परदेशी जहाजांना स्थानिक मच्छीमार होड्यांतून पुढे होऊन बंदरात आणत, असे पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदवले आहे.

खांदेरी इतके महत्त्वाचे का होते?

खांदेरी थळच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील वाटेवर आहे. बेट ज्याच्या हाती, त्याची मुंबईच्या जहाजांवर नजर. म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तेथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही विरोधात उतरले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने झुंज देत काम चालू ठेवले. अखेर इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तळ ठोकला. पुढे खांदेरी आंग्र्यांकडे आणि पेशव्यांकडे राहिले व १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. आता हे बेट ‘कान्होजी आंग्रे बेट’ म्हणूनही ओळखले जाते.

मग तेथे दीपगृह का आले?

ज्या जागेमुळे किल्ला बांधला गेला, त्याच जागेमुळे दिवाही लागला. कापसाच्या व्यापाराने मुंबई बंदरातील वर्दळ वाढली होती. १८६७ मध्ये खांदेरीचे दीपगृह सुरू झाले, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७५ मध्ये कुलाब्याच्या टोकाशी ‘प्राँग्ज’ दीपगृह उभे राहिले. फ्रान्सच्या ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात विकसित केलेल्या कडेकडेच्या भिंगांमुळे साध्या तेलाच्या दिव्याचा प्रकाशही एकवटून दूरवर पोहोचू लागला होता. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी ठेवली जाते. किती सेकंदांनी किती झोत दिसतात ते मोजले, की आपण कोणत्या दिव्यासमोर आहोत हे खलाशाला कळते.

जीपीएस असताना आज त्याची गरज काय?

मोठी जहाजे उपग्रहांवर विसंबतात, हे खरे. पण उपग्रहाचा संकेत क्षीण असतो. तो दाबता येतो किंवा त्यात खोटी माहिती घुसवता येते. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षाच्या काळात होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ जहाजांच्या उपग्रह यंत्रणांत मोठे अडथळे आल्याच्या नोंदी झाल्या. दगडी मनोऱ्यावरचा दिवा अशा रीतीने फसवता येत नाही. रात्री परतणाऱ्या लहान मच्छीमार बोटींना तर तो अजूनही उपयोगी पडतो. म्हणून दीपगृह ही निव्वळ जुनी वास्तू नाही. काम चालू ठेवूनच ती जपावी लागते आणि अवघड भाग तोच आहे.

कायदा काय सांगतो?

१९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१ मध्ये सागरी नौकानयन साहाय्य कायद्याने घेतली. केंद्र सरकारला एखादे दीपगृह ‘वारसा दीपगृह’ म्हणून अधिसूचित करून शिक्षण, संस्कृती आणि पर्यटनासाठी विकसित करण्याची तरतूद त्यात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातील ७५ दीपगृहांवरील पर्यटन सुविधांचे लोकार्पण झाले. मात्र किल्ल्याला मिळालेला जागतिक दर्जा आणि दीपगृहाची अशी अधिसूचना या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. शिवनेरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. खांदेरी किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, दीपगृह केंद्राच्या दीपगृह महासंचालनालयाकडे, तर बेटावरील पर्यटन विकासात मुंबई बंदर प्राधिकरणाचा सहभाग आहे. तटाची डागडुजी, धक्का आणि दिव्याची यंत्रणा यांचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर झाले, तर एकाचे काम दुसऱ्याला बाधक ठरू शकते.

इतर देशांत काय झाले?

बहामा या छोट्या द्वीपराष्ट्राचे उदाहरण बोलके आहे. तेथील होप टाऊनचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह १८६४ पासून सुरू आहे. बांधकामाच्या वेळी गावकऱ्यांचाच त्याला विरोध होता, कारण खडकांवर फुटलेल्या जहाजांचा माल काढून विकणे हे त्यांच्या उत्पन्नाचे साधन होते. पुढे दीपगृहांचे स्वयंचलितीकरण होऊ लागले, तेव्हा स्थानिक लोकच रॉकेलचा दिवा आणि हाताने चावी द्यायची यंत्रणा वाचवण्यासाठी पुढे आले. २०१९ च्या ‘डोरियन’ चक्रीवादळात गावाची मोठी हानी झाली, पण दीपगृह टिकले. एकेकाळी नको असलेला दिवा आता गावाची ओळख आहे.

जुन्नर-आंबेगावसाठी यात काय?

वारसास्थळ एकच असल्याने एका किल्ल्याच्या दुरवस्थेचा प्रश्न उपस्थित झाला, तर त्याची झळ संपूर्ण नोंदीला बसू शकते. त्यामुळे खांदेरीवर काय बांधले जाते आणि काय पाडले जाते, याच्याशी शिवनेरीचेही हित जोडलेले आहे. संधीही मोठी आहे. लेणी, नाणेघाट, शिवनेरी आणि खांदेरी हे व्यापारी मार्ग व त्यांच्या रक्षणाच्या एकाच कथेतील टप्पे आहेत. शिवनेरीवर खांदेरीची माहिती मिळाली आणि खांदेरीवर नाणेघाटाची, तर पर्यटकाला ही साखळी कळेल. त्यासाठी कोट्यवधींचा खर्च नको, पण तिन्ही-चारही यंत्रणांचा एकत्रित आराखडा हवा. किल्ला आणि त्यातला दिवा दोन्ही एकाच वेळी जपले जाणार की नाही, हे त्यावरच ठरेल.